श्रीरंगम समजून घ्यायचं तर आतून बाहेर वाचा

तमिळनाडूत त्रिचीला कावेरीच्या बेटावर श्रीरंगमचं रंगनाथाचं देऊळ आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याचा तिथं जवळपास ठरलेला घोळ होतो. समोर २३६ फुटी, तेरा मजली, रंगीबेरंगी गोपूर दिसतं, माणूस मान दुखेपर्यंत वर बघतो, फोटो काढतो आणि म्हणतो बापरे, हजार वर्षांपूर्वी लोकांनी हे बांधलं कसं असेल! तर ते हजार वर्षांपूर्वी बांधलेलं नाहीच, ते पूर्ण झालं १९८७ साली, राजीव गांधी पंतप्रधान असताना. पाया जुना आहे, विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या काळात म्हणजे सोळाव्या शतकात काम सुरू झालं असं मानतात, मग ते रखडलं ते चारेकशे वर्षं तसंच. शेवटी १९७९ च्या सुमारास अहोबिल मठाच्या तेव्हाच्या जीयरांनी, म्हणजे मठाधिपतींनी मनावर घेतलं आणि ते पुरं झालं.

म्हणजे या देवळातली सगळ्यात मोठी गोष्ट सगळ्यात नवीन आहे. आणि सगळ्यात जुनी गोष्ट, म्हणजे गाभारा, आकाराने लहान आहे आणि सगळ्यात आत दडलेली आहे. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की श्रीरंगमचा निम्मा गुंता सुटतो. झाडाचं खोड कापल्यावर वलयं दिसतात ना, मध्यभागी जुनं आणि सालीकडे नवीन, तसं हे देऊळ आहे. मध्ये गाभारा, त्याच्याभोवती एकात एक सात भिंती, त्यांना प्राकार म्हणतात, आणि त्या भिंतींमध्ये मिळून २१ गोपुरं. एकूण पसारा १५६ एकर. बाहेरच्या तीन प्राकारांत चक्क गाव आहे, घरं, दुकानं, हॉटेलं, एटीएम, भाजीवाले, स्कूटरी, सगळं. तुम्ही रिक्षाने एका गोपुराखालून जाता, मग दुसऱ्या, आणि विचारता देऊळ कुठाय, तर रिक्षावाला हसतो कारण तुम्ही केव्हाच देवळात आलेले असता.

आता हे इथंच का झालं. कावेरी त्रिचीच्या थोडी आधी मुक्कोंबूला फुटते, उत्तरेकडच्या फाट्याला कोळ्ळिडम म्हणतात आणि दक्षिणेकडचा फाटा कावेरी म्हणूनच वाहतो, पुढं ते परत जवळ येतात आणि मध्ये जे लांबट बेट राहतं ते श्रीरंगम. दोन्हीकडे बारमाही म्हणावं असं पाणी, गाळाची जमीन, भातशेती. खाली कावेरीचं खोरं म्हणजे चोळांचं धान्याचं कोठार. मोठ्या देवळाला भक्ती लागते हे खरंच, पण रोज शेकडो माणसं जेवतील एवढं तांदूळ लागतं, दिव्यांना तूप लागतं, आणि ते देणारी जमीन लागते, ती इथं होती. तमिळमधलं जुनं महाकाव्य शिलप्पदिकारम, त्यातसुद्धा कावेरीच्या बेटावर पहुडलेल्या विष्णूचा उल्लेख येतो, तेव्हा आजच्या दगडी बांधकामाच्या कितीतरी आधीपासून इथं देव होता हे नक्की.

स्थळपुराणातली गोष्ट आपल्या लोकांना लगेच ओळखीची वाटेल. रामाने बिभीषणाला राज्याभिषेकानंतर आपल्या कुळाचा देव, रंगनाथ, विमानासकट म्हणजे गाभाऱ्याच्या शिखरासकट भेट दिला. बिभीषण लंकेला निघाला, वाटेत कावेरीकाठी संध्येची वेळ झाली, देव जमिनीवर ठेवायचा नाही अशी अट, मग एका पोराच्या हातात दिला आणि त्या पोराने तो खाली ठेवला. ते पोरगं म्हणजे गणपती. म्हणजे आपल्या गोकर्णची रावणाची आणि आत्मलिंगाची जी गोष्ट आहे तीच, फक्त तिथं भाऊ मोठा आणि इथं धाकटा. गणपती पळत जाऊन ज्या खडकावर बसला तो त्रिचीचा रॉकफोर्ट, वर आजही उच्ची पिळ्ळैयारचं, म्हणजे शिखरावरच्या गणपतीचं देऊळ आहे. आणि बिभीषण रडायला लागला म्हणून देव म्हणाला मी इथंच राहतो पण तोंड तुझ्या लंकेकडे करून. म्हणून रंगनाथ दक्षिणेकडे बघतो. बहुतेक देवळं पूर्वाभिमुख असतात, हे दक्षिणाभिमुख आहे, त्यामुळे इथला मुख्य रस्ता, मुख्य गोपुरांची रांग, राजगोपूर सगळं दक्षिण बाजूला आहे. गोष्ट खरी माना न माना, पण अख्ख्या शहराचा प्लॅन तिच्यावर उभा आहे.

गाभाऱ्यात आदिशेषावर पहुडलेली भलीमोठी मूर्ती आहे, तिला पेरिय पेरुमाळ म्हणतात, मोठा देव. ती दगडाची नाही, चुना-मातीच्या जातीच्या लेपाची आहे, म्हणून तिच्यावर पाण्याचा अभिषेक करत नाहीत, तिला खास तेलाचा लेप लावतात. मग अभिषेक, मिरवणूक, पालखी हे सगळं कुणाचं? तर त्यासाठी धातूची उत्सवमूर्ती आहे, तिचं नाव नम्पेरुमाळ. दक्षिणेतल्या मोठ्या देवळांत ही दोन मूर्तींची सोय सगळीकडे असते, एक हलत नाही आणि एक सतत फिरते. हे लक्षात ठेवा, पुढं चौदाव्या शतकात यालाच फार महत्त्व येतं.

गाभाऱ्यावरच्या शिखराला दक्षिणेत विमान म्हणतात आणि दारावरच्या मनोऱ्याला गोपूर. आपण मराठी माणसं दोन्हीला कळस म्हणून मोकळे होतो, पण इथं हा फरक कळल्याशिवाय पुढं जाता येत नाही. श्रीरंगमचं विमान गोलसर लांबट आहे, ओंकाराच्या आकाराचं म्हणून प्रणवाकार म्हणतात, त्याला सोन्याचा पत्रा आहे, वर चार कलश आहेत ते चार वेदांचे. उंचीला बेताचं. आता तंजावरचं बृहदीश्वर आठवा, १०१० साली राजराज चोळाने पूर्ण केलं, तिथं विमान आकाशात गेलंय आणि गोपुरं त्याच्यापुढे ठेंगणी आहेत. श्रीरंगमला बरोब्बर उलटं. का? कारण तंजावर एका राजाने, एका दमात, कोऱ्या जागेवर बांधलं. श्रीरंगमला गाभारा आधीच होता, आगमशास्त्राप्रमाणे, म्हणजे देवळाच्या बांधणीच्या आणि पूजेच्या शास्त्राप्रमाणे प्रतिष्ठा झालेला, त्याच्या देवाची स्तुती आळवारांनी गाऊन ठेवलेली. त्याला हात कोण लावणार? मग पुढच्या प्रत्येक राजाला देवासाठी काही करायचं असेल, आणि आपलं नावही दिसायला हवं असेल, तर एकच जागा उरते, बाहेर. तो आणखी एक भिंत घालतो, तिच्यात दार ठेवतो आणि दारावर आधीच्यापेक्षा उंच गोपूर चढवतो. म्हणून आतून बाहेर येताना गोपुरं मोठी होत जातात. बाहेरून आत जाताना ती लहान होत जातात आणि शेवटी एका अंधाऱ्या गाभाऱ्यात तुम्ही पोचता. परंपरेत सात प्राकारांना सात लोक म्हणतात, बाहेरचा भूलोक आणि आतला सत्यलोक, तो अर्थ नंतर बसवलेला असेल असं मला वाटतं पण बसलाय मात्र छान.

आळवार कोण ते सांगायला हवं. सहाव्या ते नवव्या शतकाच्या आसपास तमिळ देशात होऊन गेलेले बारा वैष्णव संत. संस्कृत सोडून लोकांच्या भाषेत, तमिळमध्ये गायले, वेगवेगळ्या जातींतले, त्यात आंडाळ ही एक बाई. आपली वारकरी परंपरा माहीत असलेल्याला हे फार समजावून सांगावं लागत नाही, फक्त हे ज्ञानोबांच्या काही शतकं आधीचं आहे. त्यांच्या चारेक हजार पदांचा संग्रह म्हणजे दिव्यप्रबंध. त्यांनी ज्या ठिकाणांवर पदं रचली त्या १०८ स्थळांना दिव्यदेश म्हणतात आणि त्यात श्रीरंगम पहिलं. बारापैकी अकरा आळवारांनी श्रीरंगमवर गायलंय. श्रीवैष्णव मंडळी नुसतं 'कोयिल', देऊळ, एवढंच म्हणतात आणि समजायचं की श्रीरंगम.

यातल्या तिरुप्पाण आळवाराची कथा ऐकताना चोखोबा आठवतोच. तो पाणर म्हणजे गाणं-बजावणं करणाऱ्या, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीतला. कावेरीच्या पलीकडच्या काठावर उभा राहून गायचा, बेटावर पाय ठेवायची सोय नव्हती. लोकसारंग मुनी नावाचा पुजारी पाणी न्यायला आला, हा वाटेत गाण्यात गुंग, म्हणून त्याने दगड मारला, रक्त निघालं. देवळात येऊन बघतो तर देवाच्या कपाळावर रक्त. मग देवाचा हुकूम झाला की त्याला खांद्यावर घेऊन आत ये. चोखोबाची समाधी महाद्वाराबाहेर आहे आणि तिरुप्पाणाला कथेत तरी थेट गाभाऱ्यात नेलंय, एवढा फरक. पण खांद्यावर बसूनच, स्वतःच्या पायांनी नाही, हे पण बघून ठेवा.

दुसरा तिरुमंगै आळवार. हा आधी दरोडेखोर, आणि वैष्णव परंपराच सांगते की त्याने नागपट्टणमच्या बौद्ध विहारातली सोन्याची बुद्धमूर्ती लुटली आणि त्या पैशातून श्रीरंगमची भिंत बांधली. कुणी लपवत वगैरे नाही, कौतुकाने सांगतात. त्याच कथेत भिंतीच्या आखणीत दुसऱ्या एका आळवाराची फुलबाग आली तेव्हा याने भिंत वळवून घेतली म्हणे. बुद्धाच्या सोन्याची फिकीर नाही पण तुळशीच्या वाफ्याची आहे, असला माणूस.

कथा झाल्या, आता पुरावा. भिंतींवर आणि खांबांवर ६०० हून जास्त शिलालेख आहेत, सगळ्यात जुन्यांपैकी काही दहाव्या शतकातल्या पहिल्या परांतक चोळाच्या काळातले. बहुतेक तमिळ, पण संस्कृत, कन्नड, तेलुगू, उडिया आणि मराठीसुद्धा आहेत. यात काय लिहिलेलं असतं? बहुतेक हिशोब. अमक्याने अखंड दिव्यासाठी इतकं सोनं ठेवलं, तमक्याने गाव लावून दिलं, त्याच्या उत्पन्नातून अमुक दिवशी नैवेद्य व्हावा, वगैरे. देऊळ ठेवी घेत होतं, जमिनी कसायला देत होतं, माणसं नोकरीला ठेवत होतं. १४९३ च्या एका लेखात देवळातल्या आरोग्यशाळेच्या, म्हणजे दवाखान्याच्या, दुरुस्तीची नोंद आहे, आणि आवारात धन्वंतरीचं देऊळ आजही आहे.

ही सगळी व्यवस्था लावण्याचं श्रेय परंपरा रामानुजाचार्यांना देते. परंपरेने त्यांचा काळ १०१७ ते ११३७, म्हणजे १२० वर्षं. विशिष्टाद्वैत या वेदान्तमताचे आचार्य म्हणून ते सगळ्यांना माहीत असतात, पण श्रीरंगमला ते आधी व्यवस्थापक म्हणून आठवले जातात. पांचरात्र या वैष्णव आगमाच्या पद्धतीने पूजा, कुणी कधी काय करायचं, कुठल्या सेवेकऱ्याचा काय मान, हे त्यांनी घालून दिलं असं देवळाची बखर सांगते. ही बखर म्हणजे कोयिल ओळुगु, शतकानुशतकं भर पडत गेलेली, त्यामुळे आपल्या बखरींसारखीच थोडं मीठ लावून वाचायची. रामानुजांचा देह इथंच जतन केलाय अशी श्रद्धा आहे, चौथ्या प्राकारात त्यांचं देऊळ आहे आणि समोर जी बसलेली मूर्ती दिसते तो प्रत्यक्ष देहच असं मानतात, कापूर-केशराचा लेप लावलेला.

तेराव्या शतकात पांड्य राजा जटावर्मन सुंदर पांड्य आला आणि त्याने गाभाऱ्याचं छप्पर सोन्याने मढवलं. बखरीत त्याच्या तुलेची गोष्ट आहे, ती मला फार आवडते: कावेरीत दोन नावा सोडल्या, एकीत राजा हत्तीवर बसून, दुसरीत सोनं-जवाहीर भरत गेले, दोन्ही नावा पाण्यात सारख्या बुडेपर्यंत, आणि ते सगळं देवाला. आणि असं सोनं साठलं की बातमी दूरवर जाते. १३११ ला अलाउद्दीन खिलजीचा सेनापती मलिक काफूर आला. १३२३ ला उलुघ खान आला, जो पुढं मुहम्मद तुघलक झाला. दुसऱ्या वेळी गाभाऱ्यासमोर दगडी भिंत घालून पेरिय पेरुमाळ झाकला, आणि नम्पेरुमाळला घेऊन पिळ्ळै लोकाचार्य हे म्हातारे आचार्य काही माणसांबरोबर रात्रीतून निघाले. ते वाटेत मदुरैजवळ वारले. मूर्ती पुढं फिरत राहिली, केरळ, कर्नाटकात मेलकोटे, मग तिरुमला, आणि १३७१ साली विजयनगरच्या कुमार कंपणाचा सेनापती गोपण्णा तिला परत घेऊन आला. याचा संस्कृत शिलालेख देवळात आहे. साधारण ४८ वर्षं देव घराबाहेर.

परत आल्यावर पंचाईत अशी की मधल्या काळात दुसरी उत्सवमूर्ती बसवलेली होती आणि मूळ मूर्ती ओळखणारं कुणी जिवंत नव्हतं. मग बखर सांगते की देवाचे कपडे धुणारा एक म्हातारा आंधळा परीट सापडला, दोन्ही मूर्तींच्या स्नानाच्या वस्त्रांचं पाणी त्याला दिलं, आणि एकाची चव घेतल्यावर तो ओरडला, हाच नम्पेरुमाळ, आमचा देव. पंढरीचा विठोबा विजयनगरला गेला आणि भानुदासांनी परत आणला ही आपली कथा ज्यांना माहीत आहे त्यांना यातली धास्ती आणि आनंद वेगळा सांगायला नको.

आणि त्याच हल्ल्यांच्या आठवणीतून एक अजब गोष्ट देवळात राहिली. सुलतानाची मुलगी मूर्तीच्या प्रेमात पडून मागोमाग श्रीरंगमला आली अशी कथा, तिला तुलुक्क नाच्चियार म्हणतात, तिचं स्थान देवळात आहे, मूर्ती नाही तर चित्र, आणि तिच्यासाठी देवाला लुंगी नेसवतात आणि चपातीचा नैवेद्य दाखवतात. तांदळाच्या मुलखात चपाती! ज्यांनी मूर्ती घेऊन पळ काढला त्यांच्याच वारसांनी ही प्रथा सांभाळली.

त्यानंतरचा विजयनगर आणि नायकांचा (विजयनगरचे इथले सुभेदार, पुढं स्वतंत्र राजे झाले) काळ म्हणजे बांधकामाचा सुकाळ, आज आपण जे 'बघतो' त्यातलं पुष्कळसं तेव्हाचं. इथं थोडं तंत्र सांगतो. या पद्धतीत कमान नाही. खांब उभा करायचा, त्यावर दगडी तुळई आडवी टाकायची, वर फरशा. दगड ताणाला कच्चा असतो, लांब तुळई मध्येच मोडते, म्हणून दोन खांबांतलं अंतर कमी ठेवावं लागतं आणि खांबाच्या माथ्याला दोन्ही बाजूंना हात काढावे लागतात, तुळईला टेकू म्हणून. मग मोठा हॉल हवा असेल तर खांबच खांब लागतात. इथल्या हजार खांबी मंडपात ९५३ खांब आहेत असं म्हणतात, त्यामागे हौस आहेच पण हे गणित पण आहे. दगड ग्रॅनाइट, अतिशय चिवट. बेलूर-हळेबीडला मऊ दगड मिळाला म्हणून तिथं दागिन्यांची नक्षी निघाली, ग्रॅनाइटमध्ये तसली नक्षी काढता काढता छिन्न्या संपतील. म्हणून इथल्या शिल्पींनी वेगळा रस्ता धरला, मोठी, जोरकस शिल्पं. शेषरायर मंडपात जा, खांबातून मागच्या पायांवर उसळलेले घोडे बाहेर आलेत, वर स्वार, खाली भाले घेतलेले शिपाई आणि वाघ, आणि हे अख्खं प्रकरण खांबासकट एका दगडातलं. गाइड बऱ्याचदा इथं दोन मिनिटंच थांबतो, तुम्ही अर्धा तास थांबा.

गोपुरांचं गणित अजून वेगळं. खालचा भाग दगडी आणि वरचे सगळे मजले विटा-चुन्याचे, आतून पोकळ, वर जाताना निमुळते होत गेलेले. सगळं दगडी केलं असतं तर दाराच्या वरच्या तुळया वजनाने गेल्या असत्या. वरच्या रंगीत मूर्ती चुन्याच्या गिलाव्यातल्या असतात, ऊन-पावसात झिजतात, म्हणून दर काही वर्षांनी दुरुस्ती, रंगकाम आणि कुंभाभिषेक, म्हणजे देवळाची पुन्हा प्रतिष्ठा. अनेक मराठी पर्यटकांना ते भडक रंग खटकतात, 'ओरिजिनल' वाटत नाही. पण रंग पुन्हा देणं हीच तिथली जुनी रीत आहे.

अठराव्या शतकात या सात भिंतींनी एक भलतंच काम केलं, किल्ल्याचं. आणि इथं आपली माणसं येतात. १७४१ साली नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी त्रिची घेतली, त्रिची धरून बसलेल्या चंदासाहेबाला पकडून साताऱ्याला कैदेत पाठवलं, आणि मुरारराव घोरपडे १७४३ पर्यंत त्रिचीला ठाण मांडून होते. पुढं चंदासाहेब सुटला, फ्रेंचांच्या मदतीने कर्नाटकाच्या म्हणजे अर्काटच्या नवाबीवर हक्क सांगायला लागला, आणि १७५२ मध्ये तो आणि फ्रेंच फौज याच बेटावर अडकली, श्रीरंगम आणि शेजारचं जंबुकेश्वर या दोन देवळांच्या भिंतींआड मोर्चे लावून. बाहेर इंग्रज, नवाबीचा दुसरा दावेदार मुहम्मद अली याचे लोक आणि तंजावरच्या मराठ्यांची फौज. फ्रेंचांनी शरणागती पत्करली, चंदासाहेब तंजावरकरांच्या सेनापतीच्या, मानाजीच्या, स्वाधीन झाला आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. भारतात फ्रेंच की इंग्रज या प्रश्नाचा एक मोठा तुकडा या देवळाच्या दारात निकाली निघाला.

अलीकडचं एक मोठं काम २०१५ च्या कुंभाभिषेकाच्या आसपासचं. तेव्हा जुनी, बुजलेली पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था मोकळी करण्यावर भर दिला गेला, आणि २०१७ ला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा संवर्धनाचा पुरस्कार मिळाला. नदीच्या बेटावरचं देऊळ, तिथं सोन्याच्या पत्र्यापेक्षा गटारं चालू असणं जास्त गरजेचं.

जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत वैकुंठ एकादशीला लाखो लोक असतात, तेव्हा परमपद वासल नावाचं दार उघडतं, नम्पेरुमाळ त्यातून बाहेर पडून हजार खांबी मंडपात येऊन बसतो, आणि एकवीस दिवसांच्या त्या उत्सवात अरैयर नावाचे परंपरागत गायक आळवारांची पदं अभिनयासकट म्हणतात. गर्दी झेपत नसेल तर इतर वेळी सकाळी लवकर जा. रामेश्वरच्या टूरमध्ये श्रीरंगमला दीड तास टाकलेला असतो, त्यात फक्त रांग होते. त्यापेक्षा एक मुक्काम करा, आधी दर्शन उरकून घ्या आणि मग गाभाऱ्याकडून दक्षिण दाराकडे हळूहळू चालत बाहेर या, प्रत्येक गोपुराखाली थांबून मागच्या गोपुराची उंची बघत. राजगोपुरापर्यंत पोचायला, वाटेत फिल्टर कॉफी धरून, दोनेक तास लागतील.